चाररेघी वहीतलं गवत

पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा चाररेघी वही हातात आली. वरची रेघ लाल, खालची लाल, मधल्या दोन निळ्या. राजापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत गुरुजी रोज फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक इंग्रजी म्हण लिहायचे आणि आम्ही ती वहीत पाच वेळा उतरवायची. वाचता यावी म्हणून वरच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहायचा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होतं, 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स'. त्यातलं 'हे' मी मराठीतलं 'हे' समजून वाचत होते. सूर्य तळपतोय तोवर 'हे' करून घ्या. काय करून घ्या, ते गुरुजी पुढे सांगतील असं धरून चालले होते.

गुरुजींनी सांगितलं. 'हे' म्हणजे वाळलेलं गवत. ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्यावं, म्हणजेच संधी आहे तोवर काम साधून घ्यावं. वर्गातली निम्मी मुलं सकाळी गुरं सोडून शाळेत यायची. गवताचं आम्हाला वेगळं शिकवायला नको होतं. दसरा उलटला की सड्यावरचं, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावरचं, गवत पिवळं पडायला लागतं. दिवाळीच्या आगेमागे विळे बाहेर निघतात. कापलेलं गवत जागच्या जागी आडवं पडून राहतं, दोन-चार दिवसांनी त्याचे भारे बांधायचे, डोक्यावरून घरी आणायचे आणि खळ्याच्या कडेला उडवी रचायची. तेव्हापासून थेट मे संपेपर्यंत आकाश कोरडं. एखाद्या वर्षी अवकाळी सर यायची, पण गवतासाठी कोणी आभाळाकडे बघत जीव मुठीत धरून बसलंय असं मी पाहिलं नव्हतं. घाई असायची ती आगोटीची. मे महिन्यात कौलं परतायची, लाकडं माळ्यावर चढवायची, शेणी भरून ठेवायच्या, सुकट डब्यात घालायची, पडवीला झापं बांधायची. मृगाच्या आत हे सगळं उरकलं पाहिजे, ही धावपळ घरातल्या लहान पोरालाही कळत होती.

संध्याकाळी वडिलांना ती म्हण अर्थासकट म्हणून दाखवली. ते दाव्याला पीळ घालत बसले होते. म्हणाले, "गवतासाठी घाई? ऊन काय पळून जातंय?"

म्हण पाठ झाली, परीक्षेत तिचे गुणही मिळाले. पण वडिलांचा प्रश्न मनात तसाच राहिला.

त्याचं उत्तर मिळायला पस्तीस वर्षं जावी लागली. भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडात लीड्सला असतो. एका जुलैत त्याच्याकडे गेले होते. महिन्याच्या मध्यावर एका शनिवारी तो मला यॉर्कशायर डेल्समधल्या स्वेलडेल खोऱ्यात घेऊन गेला. तिथे म्यूकर नावाचं गाव आहे, आणि गावाच्या बाहेर नदीकाठाने गवताची कुरणं आहेत. चुना-माती न वापरता नुसते दगडावर दगड रचून घातलेले गडगे, एका कुरणातून दुसऱ्यात जायला गडग्यात जेमतेम एक माणूस मावेल एवढी फट, आणि प्रत्येक एक-दोन कुरणांमागे एक दगडी गोठा. खाली गुरं बांधायची, वर माळ्यावर गवत साठवायचं. वाट अगदी अरुंद, फरशी घातलेली. एकामागे एक चाला, गवत तुडवू नका, अशी पाटी होती. आपल्याकडे लोक पिकातून जाणाऱ्याला ओरडतात. इथे गवतच पीक होतं.

पलीकडच्या कुरणात कापणी झालेली होती. ट्रॅक्टरमागे दातेरी चक्रं लावलेलं यंत्र कापलेलं गवत उडवून पुन्हा पसरत होतं, खालची ओली बाजू वर यावी म्हणून. गडग्यापाशी एक म्हातारे शेतकरी उभे होते. त्यांनी वाकून मूठभर गवत उचललं, दोन्ही हातांनी पिळलं, दोर वळताना पिळतात तसं, आणि पेराच्या जागी नखाने दाबून पाहिलं. मग पश्चिमेकडे बघितलं. भाच्याने विचारलं तेव्हा म्हणाले, आज दुसरा दिवस. उद्या संध्याकाळपर्यंत कोरडं मिळालं तर आत घेता येईल. त्यांचं बोलणं मला नीट कळेना, भाचा सांगत होता. "मावशी, ते म्हणतायत की गेल्या आठवड्यात अर्धं कापलं आणि रात्री पाऊस आला. ते गेलंच."

त्यांनी मुठीतलं गवत माझ्या हातात दिलं. वरून खडखडीत वाटत होतं, पण पेराजवळ बोटाला गारवा लागत होता. तेवढा ओलावा ठेवून गवत रचलं तर ते आतून तापतं, बुरशी धरतं, आणि कधी कधी बाहेरून काडी न लावता गंजी पेट घेते. न रचावं तर पाऊस त्यातला कस धुऊन नेतो. तिकडे थंडीत गवत वाढतच नाही. नोव्हेंबरात गुरं आत घेतली की वसंत चांगला उघडेपर्यंत ती गोठ्यातच, आणि तेवढे महिने ती खाणार ते हेच. त्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात सलग तीन कोरडे दिवस हवे होते, आणि ते मिळतीलच असं त्याच्या देशातलं आभाळ कधी सांगत नाही. त्यांच्याकडे पंधरा जुलैला संत स्विदिनचा दिवस असतो. त्या दिवशी पाऊस पडला तर पुढचे चाळीस दिवस पडत राहणार, असा जुना समज आहे. आपण 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' म्हणत पावसाची वाट पाहतो, ते पाऊस थांबण्याची पाहतात.

तिथे उभ्या उभ्या मला वडील आठवले. त्यांचा प्रश्न बरोबर होता. आमच्या सड्यावर ऊन पळून जात नव्हतं. म्यूकरमध्ये जातं.

परतताना रस्त्याकडेला काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गवताचे मोठमोठे गठ्ठे दिसले. भाच्याने सांगितलं, हल्ली बरेच शेतकरी गवत पुरतं वाळवतच नाहीत, अर्धवट ओलं असतानाच हवाबंद करून आंबवतात. त्याला एखादा कोरडा दिवसही पुरतो. म्हणजे ज्या धास्तीतून ती म्हण निघाली, ती धास्ती आता खुद्द तिथेही ओसरत चालली आहे. म्हण मात्र आपल्याकडच्या वह्यांमध्ये अजून उतरवली जाते.

ही म्हण इंग्रजीत छापून मिळते ती १५४६ सालापासून. जॉन हेवूड नावाच्या माणसाने त्या वर्षी इंग्रजीतल्या म्हणी एका पुस्तकात ओवल्या. आठव्या हेन्रीच्या दरबारात गाणं-वाजवणं आणि नाटकं करणारा हा माणूस. म्हणींची नुसती यादी त्याने केली नाही. एक तरुण सल्ला मागायला येतो. गरीब पण तरुण मुलीशी लग्न करू की वयस्क पण पैसेवाल्या विधवेशी? आणि मग सगळं बोलणं म्हणींमधून होत जातं, ह्या बाजूनेही म्हणी आणि त्या बाजूनेही. 'लुक बिफोर यू लीप', 'मेनी हँड्स मेक लाइट वर्क', 'रोम वॉज नॉट बिल्ट इन अ डे', 'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस', आम्ही सुविचार म्हणून फळ्यावरून उतरवलेल्या कितीतरी ओळी त्या एका लग्नाच्या गोष्टीत सापडतात, थोड्या जुन्या रूपात. मला हे फार आवडलं. म्हणी खऱ्या जगतात त्या अशाच, कोणीतरी कोणाशी तरी वाद घालत असताना. आमच्या घरी आत्या आणि आई बोलायला बसल्या की दर चौथं वाक्य म्हण असायचं, आणि दोघींच्या म्हणी एकमेकींना छेदणाऱ्या असायच्या. त्यातली एकही फळ्यावर लिहावी म्हणून बोललेली नव्हती. हेवूड कॅथलिक होता. एलिझाबेथच्या राज्यात, १५६४ मध्ये, त्याला देश सोडावा लागला आणि तो परमुलखातच वारला. इंग्रजीचं एवढं बोलणं गोळा करून ठेवणाऱ्याच्या कानावर शेवटच्या वर्षांत इंग्रजी किती पडत असेल, हा विचार मनातून जात नाही.

बरं, ह्या म्हणी सगळ्या इंग्लंडच्या मातीतल्या आहेत असंही नाही. 'रोलिंग स्टोन' लॅटिनमधून आली. इरॅस्मस नावाच्या डच पंडिताने १५०० मध्ये पॅरिसला आठशेच्या वर म्हणींचा संग्रह छापला आणि मरेपर्यंत तो चार हजारांवर नेला, त्यात ती आहे. आंघोळीच्या पाण्याबरोबर बाळ फेकू नका, ही जर्मन. सॉल्झबरीजवळच्या खेड्यात पाद्री असलेला कवी जॉर्ज हर्बर्ट याच्या नावावर १६४० मध्ये जो संग्रह निघाला त्याच्या नावातच 'परदेशी म्हणी' असं आहे. म्हणी नेहमीच इकडून तिकडे गेल्या आहेत. ज्यांना नव्या जागी काम मिळालं त्या रुजल्या.

'वन स्वॉलो डज नॉट मेक अ समर' हीसुद्धा मूळची ग्रीक, ॲरिस्टॉटलच्या लिखाणात आहे. आमच्या परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकात तिचा अर्थ दिला होता, 'एका पाखराने उन्हाळा होत नाही'. मला तेव्हा वाटलं होतं, उन्हाळा व्हावा असं कोणाला का वाटेल? आमचा उन्हाळा म्हणजे तळाला गेलेली विहीर, घामोळं आणि दुपारी पाय टेकू न देणारं अंगण. म्यूकरच्या त्या दगडी गोठ्यात आत डोकावले तेव्हा वरच्या वाशाला चिखलाची वाटीसारखी घरटी होती आणि त्यांतून भिंगऱ्या आत-बाहेर करत होत्या. लांब दुभंगलेली शेपटी, गळ्याखाली विटकरी डाग. मी त्यांना ओळखलं. ह्याच आमच्याकडे पाऊस गेला की विजेच्या तारांवर ओळीने येऊन बसतात. भात कापून झालेल्या मळ्यांवरून खालून खालून उडतात, आणि ऊन तापायला लागलं की निघून जातात. आमच्याकडे येणाऱ्या उत्तरेतून येतात. इंग्लंडातल्या भिंगऱ्या हिवाळ्यात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जातात आणि एप्रिलमध्ये परततात. पण पक्षी तोच. तिथल्या माणसाने सहा महिने अंधार आणि ओल सोसलेली असते. एप्रिलात पहिली भिंगरी दिसली की त्याच्या जिवाला हुरूप येतो, आणि कोणीतरी वडीलधारं माणूस सांगतं, एवढ्यात गरम कपडे पेटीत घालू नकोस. आम्हाला मात्र भिंगरी म्हणजे थंडीची वर्दी. तिच्या नावाने मराठीत म्हण झाली असती तर ती शेकोटीपाशी झाली असती.

आमच्या मार्गदर्शकात डावीकडे इंग्रजी म्हण, उजवीकडे तिची मराठी 'जोडी' असायची. जोड्या लावा हा प्रश्न चार गुणांचा. 'एम्प्टी व्हेसल्स'समोर 'उथळ पाण्याला खळखळाट फार'. 'अ बॅड वर्कमन'समोर 'नाचता येईना अंगण वाकडं'. ह्यातल्या काही जोड्या खरंच जमतात. पण 'द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग' हिच्यासमोर 'शितावरून भाताची परीक्षा' होतं, आणि त्या जोडीबद्दल मला आजही हळहळ वाटते. पुडिंग म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे कस्टर्डसारखं काहीतरी गोड यायचं. ही म्हण रुळली त्या काळातलं पुडिंग म्हणजे जनावराच्या आतड्यात मांस, चरबी, रक्त, ओट असं काहीबाही भरून, तोंड बांधून उकडलेला पदार्थ. बाहेरून सगळे सारखेच दिसणार. भरणाऱ्याने आत काय घातलं, ताजं की शिळं, ते चावा घेतल्याशिवाय समजायला मार्ग नाही. आणि 'प्रूफ' म्हणजे तिथे पुरावा नव्हे, पारख. आता आपला भात बघा. वेळणी जरा सरकवायची, पळीच्या टोकावर एक शीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीत दाबायचं. मध्ये कणी लागली तर अजून दोन मिनिटं. अख्खं भांडं त्या एका शितात कळतं, कारण सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली. एक म्हण सांगते की खाल्ल्याशिवाय काहीच कळत नाही. दुसरी सांगते की एका दाण्यात सगळं कळतं. दोन बायकांनी दोन चुलींवर आयुष्य काढून मिळवलेलं हे दोन वेगळं शहाणपण, आणि आम्ही त्यांच्यामध्ये पट्टीने रेघ मारून चार गुण घेतले.

मार्गदर्शकात म्हणी अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या असायच्या. पुढे मॅनवेअरिंग नावाच्या इंग्रज मिशनऱ्याने जमवलेला मराठी म्हणींचा संग्रह पाहायला मिळाला, १८९९ मध्ये ऑक्सफर्डला छापलेला. त्याने त्या विषयवार लावल्या आहेत. शेती, जनावरं, शरीराचे अवयव, अन्न, घर, धंदे. परक्या भाषेत शिरताना त्याला आधी कामाच्या दारातून जावंसं वाटलं, हे मला त्याचं मोठेपण वाटतं. आम्हाला इंग्रजी म्हणी अशा कोणी शिकवल्या असत्या तर! गवताची म्हण गवताच्या मोसमात, टाक्याची म्हण शिवणाच्या तासाला.

एका म्हणीशी मात्र माझं कधीच जमलं नाही. 'स्पेअर द रॉड अँड स्पॉइल द चाइल्ड'. ही फळ्यावर लिहिली गेली त्या दिवशी माझ्या शेजारच्या रांगेतल्या मुलाने 'चाइल्ड'चं स्पेलिंग चुकवलं. त्याला पुढे बोलावलं. तो दोन्ही तळवे पुढे करून उभा राहिला. छडी निरगुडीची होती, त्याच मुलाने आदल्या आठवड्यात तोडून आणलेली. सहा बसल्या. जागेवर आल्यावर त्याने वही उघडली, पेन्सिल बोटांत धरवेना म्हणून मुठीत धरली आणि ती म्हण पाच वेळा लिहिली. 'छडी लागे छमछम, विद्या येई घमघम' ही तिची जोडी. तो मुलगा सातवीनंतर शाळेत आला नाही.

मोठेपणी ह्या ओळीचा माग काढला. मुलाला शिस्त लावण्यासाठी काठीचा उल्लेख बायबलच्या नीतिसूत्रांत आहे, पण हे नेमके शब्द सॅम्युअल बटलरच्या 'ह्युडिब्रास' ह्या विडंबनकाव्यातले, १६६४ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागातले. तिथे बोलणारी एक विधवा आहे आणि ऐकणारा तिच्या मागे लागलेला एक ढोंगी सरदार. प्रेम म्हणजे कवींनी मानलेलं एक पोर, मग त्याला छडी नको का, असं म्हणून ती त्यालाच फटके खायला सांगते. शाळेचा, धड्याचा तिथे संबंध नाही. टवाळीतली ओळ सुटी झाली, साहेबाच्या भाषेत असल्यामुळे वजनदार वाटली आणि आमच्या फळ्यावर शहाणपण म्हणून येऊन बसली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलांना मारायला बंदी केली. तो कायदा वाचताना मला ते दोन तळवे दिसत होते.

'क्युरिऑसिटी किल्ड द कॅट'चंही तसंच. शेक्सपिअरच्या नाटकात मांजर मरतं ते 'केअर'ने, म्हणजे काळजीने. फार काळजी केलीस तर नऊ जन्मांचं मांजरही टिकायचं नाही, असं त्या जुन्या म्हणीचं मायेचं बोलणं. पुढे काळजीच्या जागी कुतूहल आलं आणि तीच म्हण प्रश्न विचारणाऱ्या मुलांना गप्प करायला वापरली गेली. एक शब्द बदलला आणि म्हणीची माया गेली.

गेल्या दिवाळीत गावी गेले होते. आईचं वय आता ब्याऐंशी. पावसाळ्यात अंथरलेली गोधडी तिने ओटीवर उन्हात पसरली होती. काठाची शिवण एका जागी सुटलेली. तिने सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला, मग टोकाला गाठ मारून बसली. मी तिला म्हटलं, आम्हाला शाळेत एक म्हण होती, वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ वाचवतो. १७३२ मध्ये एका इंग्रज डॉक्टरने आपल्या म्हणींच्या संग्रहात ती छापली, वगैरे सांगितलं.

"नऊच का गो?"

मी सांगितलं, त्यांच्या भाषेत वेळ आणि नऊ यांचे शब्द कानाला सारखे लागतात, टाइम आणि नाइन, म्हणून नऊ. ती दोनदा पुटपुटली, टाइम, नाइन. मग शिवणीवर वाकली. कापडाचे तीन पदर, त्यातला मधला तिच्या जुन्या लुगड्याचा, अजून त्याची जांभळी किनार दिसत होती. सुई खालून वर यायची, दोरा ताणताना सुर्र असा बारीक आवाज व्हायचा, आणि प्रत्येक टाक्याला ती अंगठ्याने शिवण दाबून बसवायची. काठाच्या टोकाला पोचल्यावर तिने दोरा दाताने तोडला आणि बोट ठेवत ठेवत मागे मोजत गेली.

"श्रावणात थोडीशीच उसवलेली," ती म्हणाली. "चौदा झाले बघ."